पोचवलेला पाहुणा

अळूची पानं, डांगराची एक मोठी फोड आणि पत्रावळ्यांचा गठ्ठा, एवढंच आणायचं होतं. त्यासाठी वाल्मीक आणि निवृत्ती सकाळीच मखमलाबादच्या रस्त्याने चालत पंचवटीच्या बाजारात आले. काम अर्ध्या तासाचं. पण पाहुणा पडला रंगूनचा, त्यामुळे वाल्मीकने त्याला रामकुंडावर पुन्हा एकदा फिरवलं आणि काळारामाच्या दारातल्या हत्तीएवढ्या दगडांचं कौतुक पुन्हा एकदा ऐकवलं. ऊन चढलं तशी दोघं डोक्यावर पानं धरून हसत मळ्याकडे परतले.

एकोणीसशे पस्तीस सालचा भाद्रपद होता. निवृत्ती त्याच उन्हाळ्यात रंगूनला बी.ए. झाला होता. आजोबा मूळचे विंचूरचे, पण पोटामागे ब्रह्मदेशात गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी बोलणं, सण-वार सगळं शाबूत. मुलूख मात्र नातवाने कधी पाहिला नव्हता. पास झाल्याच्या आनंदात वडिलांनी त्याला बोटीचं आणि आगगाडीचं भाडं दिलं आणि म्हणाले, बघून ये. आठ दिवसांत त्याने पांडवलेणी चढून पाहिली, सीतागुंफेत वाकून शिरला, देवळालीला गोऱ्या सोल्जरांची कवायत कुंपणाबाहेरून बघितली. सहल अगदी दृष्ट लागण्यासारखी चालली होती.

एकच गोष्ट त्याच्या घशात काट्यासारखी अडकली होती. ज्या घरात तो उतरला होता, त्या घरातली आई आपल्या मुलाच्या हातचं पाणी पीत नव्हती.

वाल्मीकची आई, धोंडाबाई, मुलाला जेवायला वाढायची, त्याचे कपडे धुवायची. पण तहान लागली की स्वतः उठायची. वाल्मीकने तांब्या पुढे केला की तिचं तोंड दुसरीकडे. कारण गावभर माहीत होतं. गेल्या वर्षीच्या आषाढात गोटीराम आबा, म्हणजे वाल्मीकचे वडील, बारा दिवस अंथरुणावर पडून होते. अन्न उतरेना, पाणी उतरेना. डोळे दाराकडे लावलेले आणि तोंडात एकच, 'वाल्मीक आला का?' वाल्मीक तेव्हा रंगूनला वसतिगृहात राहून कॉलेजात शिकत होता. घरच्यांनी लगोलग एक तार केली, मग सहा दिवसांनी दुसरी. वाल्मीक पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तो शपथेवर सांगायचा की मला तार एकच आली. पण मधल्या दिवसांत मित्राबरोबर बोटीने सहलीला गेलो होतो, हेही त्या सरळमार्गी पोराने सांगून टाकलं. झालं! बाप मरत होता आणि लेक देवळं बघत हिंडत होता, हे त्याच्या कपाळी कायमचं लागलं. कॉलेज सुटलं, बी.ए. राहिलं.

आणि पहिली तार आली होती. ती निवृत्तीने घेतली होती.

वाल्मीकच्या वसतिगृहाच्या जिन्यात शिपायाने ती त्याच्या हातात दिली, कारण वाल्मीक नेमका बोटीची तिकिटं आणायला गेला होता. 'वडील अत्यवस्थ. ताबडतोब निघ.' निवृत्तीने वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे इरावतीतून चार दिवसांची सहल ठरली होती, दोन महिने आधीपासून. त्याने स्वतःला समजावलं, म्हाताऱ्या माणसांच्या तारा अशाच असतात; मागे एकदा आजारी म्हणून वाल्मीकला बोलावलं आणि मुलगी दाखवली. चार दिवसांनी काय बिघडतं? तार कोटाच्या खिशात गेली. बोटीवर त्याने जांभळ्या सालीची मंगोस्तीन फळं फोडून खाल्ली, वाल्मीकलाही दिली, आणि संध्याकाळी कोणी बघत नाही असं पाहून तार नदीत सोडली. पुढे दुसरी तार आली, वाल्मीक धाय मोकलून रडला, तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवणारा निवृत्तीच होता.

नंतर बोलायला जीभ वळली नाही. एक दिवस गेला, मग महिना, मग वर्ष. लाज ही चीज मोठी विचित्र. जितकी शिळी तितकी कडू. आपण जाऊन चार दिवस हसूनखेळून आलो की सगळं पुसलं जाईल, असं मनाशी म्हणून तो आला होता. बी.ए. झाला म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही.

दोघं बाजारातून परतले तेव्हा मळ्यात गडबड उडालेली. त्या दिवशी आबांचं पितर, म्हणजे पितृपक्षातलं जेवण होतं. त्या भागातली रीत अशी, की पितरांना जेवू घालायचं तर त्यांच्या नावाने एक जिता माणूस बसवायचा. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, मेलेल्याला जे आवडायचं ते त्याला पोटभर वाढायचं. जेवून उठला की त्याला बांधापर्यंत पोचवायचं. तिथून त्याने मागे वळून न बघता आपल्या घरी जायचं. त्या दिवशी परत यायचं नाही. यंदा बसणार होता आबांचा चुलतभाऊ पुंजा. पण सकाळीच त्याची सून बाळंत झाली आणि पुंजा सोयरात अडकला.

"आता ऐन वक्ताला कुनाला बसवू?" धोंडाबाई कढीच्या पातेल्यापाशी हताश बसली होती. मग तिची नजर निवृत्तीवर थांबली. "हे पोरगं हाय की. वाल्मीकचा दोस्त. घरचाच हाय."

शेजारच्या मळ्यातली म्हातारी गोजराबाई वडे थापायला आली होती. तिचा हात थांबला. "धोंडे, ऐक माझं. पोचवायच्या मानसाला त्याचं घर पायजे. ह्याचं घर समुद्रापल्याड. ह्याला तू कुठं पोचवशील?"

"बांधापतुर पोचवीन. त्याच्या म्होरं देव हाय."

"आन् रातचं झोपायला ह्यो कुठं यील? तुझ्याच घरात ना?"

धोंडाबाई कढी ढवळू लागली. वाल्मीकने मित्राकडे आशेने पाहिलं. "बसशील का रे? आईचं मन राहील." निवृत्तीला नाही म्हणायचं होतं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? तो बसतो म्हणाला.

दुपार कलायला लागली तेव्हा त्याला उंबऱ्यात उभं केलं. धोंडाबाई डोक्यावरून पदर घेऊन खाली वाकली. तांब्यातलं गार पाणी त्याच्या पायावर पडलं आणि ती रीतीचा प्रश्न विचारती झाली, या घरी पितर बसणाऱ्या प्रत्येकाला विचारतात तो. "तुमच्या पोटात आमच्या मानसाबद्दल काही नाय ना?"

सांगायची ती वेळ होती. निवृत्तीला ते कळलं होतं. खाली एक विधवा बाई त्याचे पाय पुसत होती, मागे तिचा मुलगा हात जोडून उभा होता.

"नाही," तो म्हणाला.

पाटावर बसला. गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा घास पडला आणि घरभर धूर झाला. पान भरलेलं होतं: खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, डांगराची भाजी, अळूच्या वड्या. निवृत्तीला खरं तर भूक नव्हती. गवारीचा तर त्याला लहानपणापासून तिटकारा. पण पहिला घास पोटात गेला आणि आत काहीतरी उघडलं. त्याने गवार संपवली. पुन्हा मागितली. चार वडे झाले, सहा झाले. खिरीची वाटी तोंडाला लावून तो प्यायला. पोट ताणून दुखायला लागलं तरी भूक जशीच्या तशी, अशी भूक त्याला आयुष्यात लागली नव्हती. बारा बारा दिवस अन्न न उतरलेल्या माणसाची ती भूक होती. आणि धुरातून दुसराच वास येऊ लागला होता... ओल्या घोंगडीचा, औषधी काढ्याचा, खूप दिवस बंद राहिलेल्या खोलीचा.

धोंडाबाई वाढत होती आणि रडत होती. "जेवा... सावकाश जेवा..."

पान संपलं. तिने रीतीप्रमाणे विचारलं, "पोट भरलं का?" उत्तर ठरलेलं असतं. भरलं, एवढंच म्हणायचं. निवृत्तीने तोंड उघडलं.

"वाल्मीक आला का?"

आवाज त्याचा नव्हता. घोगरा, कोरड पडलेल्या घशातून ओढून काढल्यासारखा. चुलीपाशी गोजराबाईच्या हातातला झारा खाली पडला. वाल्मीक पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकला होता, त्याचा चेहरा पांढराफटक झाला. त्या बारा दिवसांतलं ते वाक्य निवृत्तीला माहीत होतं, हे खरं. पण आवाज? आवाज त्याने कुठून आणला असता?

"आलाय..." धोंडाबाई हळूच म्हणाली. "हा काय, तुमच्या म्होरं उभा हाय."

निवृत्तीला हंबरडा फोडून सगळं सांगावंसं वाटलं. मी तार दाबली, मी. ओठ हलले, पण बाहेर आलं ते पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी त्याने दातांवर दात दाबले आणि मान हलवली. भरलं.

त्याला बांधापर्यंत पोचवलं. तो मागे न बघता रस्त्याला लागला, आणि मग गोजराबाई म्हणाली तोच प्रश्न. जायचं कुठे? मैलाच्या दगडावर तो खुळ्यासारखा बसून राहिला. ऊन उतरलं. तासाभराने वाल्मीक त्याला शोधत आला. "चल रे. रीत झाली तेवढी पुरे. चहा टाकलाय." निवृत्ती उठला आणि त्याच्याबरोबर आत गेला. अंगण ओलांडताना त्याला गोजराबाई दिसली. ती कुंपणापलीकडून बघत होती. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि घरात निघून गेली.

त्या संध्याकाळपासून ते सुरू झालं. मोठं असं काही नाही. अंधारात विहिरीच्या पायऱ्या उतरताना त्याचा पाय तिसरी पायरी आपोआप टाळून चौथीवर पडला. सकाळी पाहिलं तर तिसरी निखळलेली. कणगीमागे भिंतीत एक खुंटी होती, बाहेरून न दिसणारी. त्याचा कोट रोज तिच्यावर टांगलेला सापडायचा, टांगल्याचं त्याला आठवायचं नाही. बैल त्याला बघून दावणीत उठून उभे राहायचे. धोंडाबाईने हे सगळं पाहिलं. ती त्याच्यासमोर बसेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी न्हावी मळ्यात आला. वाल्मीकची दाढी झाली, मग निवृत्ती पुढ्यात बसला. न्हाव्याने पाणी लावलं, हनुवटी वर केली, वस्तरा टेकवला आणि थांबला. त्याचं बोट निवृत्तीच्या गळ्यावर, डाव्या बाजूला, एका जागी फिरत होतं.

"ही गाठ कवापासून हाय, दादा?"

"कसली गाठ? मला गाठ नाही."

न्हाव्याने वस्तरा खाली घेतला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आबांना व्हती. हितंच. वीस वर्सं मी तिला चुकवून वस्तरा फिरवला..." त्याने ती जागा चुकवून राहिलेली दाढी केली, सामान गुंडाळलं आणि मजुरीचं पसाभर धान्य न घेताच निघून गेला. निवृत्तीने हात लावून पाहिलं. हरभऱ्याएवढी गाठ त्वचेखाली सरकत होती.

मग त्याच्याने राहवेना. धोंडाबाई विहिरीपाशी, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर लुगडी धूत होती. भर सकाळ होती, ऊन स्वच्छ होतं, शेजारी पाटाचं पाणी वाहत होतं. निवृत्ती तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला आणि मान खाली घालून त्याने सांगून टाकलं. जिना, शिपाई, खिसा, बोट, नदी. या वेळी आवाज त्याचाच होता, म्हणून ते जास्तच ओंगळ वाटलं.  धरणीने पोटात घ्यावं तर तिलाही हा नको असेल, असं त्याला वाटलं.

धोंडाबाईचे हात पाण्यात तसेच राहिले.

"शेवटी शेवटी ते वातात बडबडायचे," ती म्हणाली. "लय मोठी नदी हाय, म्हने. धुराची बोट हाय. वाल्मीक हसतोय. त्याच्या शेजारी एक पोरगं बसलंय, जांभळ्या सालीचं फळ फोडून खातंय. आत लसनीवानी पांढऱ्या पाकळ्या. त्या पोराच्या खिशात माझा कागद हाय, म्हने. त्याला म्हनावं, दे... आम्ही म्हनलो, असलं फळ कुनी पायलंय का?"

निवृत्तीचा हात खिशाकडे गेला.

"आन् पाय धुताना मी तुला इचारलं व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "वरीसभर मी माज्या लेकाला वाळीत टाकलं. बाप गेला त्याचा, आन् मीबी गेले."

"मावशी, वाल्मीकला सांगू नका. मी... मी नंतर पत्र लिहीन त्याला."

"मी नाय सांगनार. ते तुझं तोंड हाय, तूच उघड."

"आणि... हे?" त्याने गळ्यावर हात ठेवला. "यांना पुन्हा एकदा पोचवा. तुमच्या पाया पडतो."

"एकदा पोचवलेलं पुन्यांदा पोचवता येत नाय, बाबा. आता तुझ्या घरी ने. पन सांगून जा. त्यांना लेकाचं ऐकायचं व्हतं, ते ऐकून तरी सुटतील. तोंडातलं तोंडात ठिवून गेलास तर पुढचं मला ठाव नाय."

त्या संध्याकाळी ओट्यावर बसलेली धोंडाबाई सहज म्हणावं तशी म्हणाली, "वाल्मीक, पानी दे रे." वाल्मीकला आधी ते कळलंच नाही. मग तो धावला. तांब्या देताना घाईत निम्मं पाणी तिच्या पदरावर सांडलं, आणि ती ओल्या पदरानेच त्याचे डोळे पुसत राहिली. निवृत्ती दाराआड उभा राहून बघत होता. वर्षभर हे पोर एवढ्याशा पाण्यासाठी झुरत होतं, आणि ते त्याच्या तोंडचं काढून घेणारा आपण.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाल्मीक त्याला नाशिकरोड स्टेशनवर सोडायला आला. कलकत्त्याची गाडी यायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटांत सगळं सांगून झालं असतं, शिव्या खाऊन झाल्या असत्या, कदाचित मारही. निवृत्तीने तीनदा सुरुवात केली. एकदा हमाल मध्ये आला. एकदा त्याने स्वतःच हवापाण्याचं काहीतरी विचारलं. तिसऱ्यांदा वाल्मीकच बोलू लागला.

"तू बसलास म्हणून हे झालं," तो म्हणाला. "आबांनी तुझ्या तोंडून माझ्याबद्दल विचारलं आणि आईने सांगितलं, आलाय. त्यानेच तिचं मन वळलं. तुझे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही, निवृत्ती." आणि भर फलाटावर, चार माणसांत, तो वाकला. मित्राच्या पाया नव्हे, बापाच्या पाया पडावं तसा, दोन्ही हातांनी पावलं धरून.

इतका थोर वाटलेला माणूस खालून वर बघत असताना मी चोर आहे, हे कसं सांगायचं? गाडी आली. निवृत्ती चढला. पत्र लिहीन, पोचलो की पहिल्याच दिवशी लिहीन, असं त्याने स्वतःला बजावलं. गाडी हलली तेव्हा घशातली गाठ त्याला गिळताना टोचली.

कलकत्त्याहून बोटीचे तीन दिवस तो बहुतेक झोपून होता. कोणाशी बोलला नाही. चौथ्या सकाळी रंगूनचा धक्का दिसला आणि गर्दीत आईची हिरवी साडी ओळखू आली, शेजारी वडील. त्याचा जीव भांड्यात पडला. शिडी उतरून, माणसांना बाजूला सारत तो थेट आईपर्यंत गेला, ट्रंक खाली ठेवली आणि पाया पडायला वाकला.

आई दचकून दोन पावलं मागे सरली. "अहो, हे काय भलतंच... तुम्ही वडीलधारे माणूस. माझ्या कसल्या पाया पडता?"

"आई..." तो म्हणाला.

त्या आवाजाने ती आणखीच कावरीबावरी झाली. वडिलांनी तिला हाताने थोडं मागे घेतलं आणि शांतपणे, परक्या म्हाताऱ्याशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "बाबा, तुम्ही नाशिककडून आलात का? आमचा मुलगा याच बोटीने यायचा होता. निवृत्ती नाव. बाविसाचा आहे. तुमच्या पाहण्यात आला का?"

ट्रंक त्यांच्या दोघांच्या मध्ये पडलेली होती, पांढऱ्या रंगात निवृत्तीचं नाव लिहिलेली. वडिलांची नजर तिच्यावर गेली, आणि तिथेच राहिली. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. शेवटचा खलाशी उतरून गेला, शिडी ओढून घेतली, तरी ती टाचा उंचावून बोटीकडेच बघत उभी होती.